बेळगावात बँड काढायचाय? आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शो संपला, केबल गुंडाळायला खाली बसलं की स्टेजच्या कडेला दोन-तीन पोरं येऊन उभी राहतात. आधी नुसती बघतात, मग एकजण धीर करून विचारतो, "दादा, हे गिटारचं पेडल कितीला घेतलं?" आणि तिथून सुरुवात होते. निपाणीत तेच प्रश्न, खानापुरात तेच, टिळकवाडीतल्या पोरांचेही तेच. आम्ही चौघं आहोत, गिटार, ड्रम, गायिका आणि बेसवर मी. सहा वर्षं झाली एकत्र वाजवतोय, स्वतःची गाणी, स्वतःच्या पैशानं, मागं कुठली कंपनी नाही. सुरुवातीला काय काय अडतं ते अजून ताजं आहे, म्हणून विसरायच्या आत एकदा नीट लिहून ठेवतोय.

बेळगावात रॉक ऐकतंय कोण?

तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा जास्त लोक. या गावाचे कान तयार आहेत. कॅम्पात चर्चच्या क्वायरमध्ये वाढलेली माणसं आहेत, त्यांच्या घरी गिटार भिंतीला टांगलेली असतेच. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथंच, त्यामुळं लहानपणापासून मिलिटरी बँडचे ड्रम कानावर. गणपतीत ढोल-ताशा, बँजो पार्टी, झांज, लग्नात ब्रास बँड. आणि दीड-दोन तासांवर धारवाड-हुबळी, म्हणजे मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगलांचा मुलूख. कुमार गंधर्वांचा तर जन्मच आपल्या सुळेभावीचा, १९२४ सालचा. सूर-ताल इथं कुणाला शिकवावा लागत नाही. फक्त डिस्टॉर्शनची, म्हणजे गिटारच्या फाटक्या आवाजाची, सवय नाहीये, ती लागते.

आमच्या एका शोला पुढच्या रांगेत भजनी मंडळातले दोन आजोबा बसले होते, आम्हाला वाटलं दोन गाण्यांत उठून जातील. शेवटपर्यंत बसले, आणि नंतर मागं येऊन ड्रमरला म्हणाले, "बाळा, तिसऱ्या गाण्यात सम हुकली तुझी, पण सावरलास." खरंच हुकली होती, आमच्या चौघांशिवाय कुणाला कळली नसेल असं आम्ही धरून चाललो होतो. असा श्रोता मिळायला नशीब लागतंय.

मेंबर कुठं शोधायचे? गिटारवाले चार झालेत, ड्रमर एकही नाही.

सगळीकडं हेच आहे. गिटार दोन-चार हजारांत येते आणि कॉटखाली मावते, ड्रमकिटला खोली लागते. त्यामुळं ड्रमसेट असलेला पोरगा शोधत बसू नका, ताल असलेला शोधा. ढोल-ताशा पथकात बघा, ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवणारे बघा. आमचा ड्रमर ताशावाला. हात इतके तयार होते की पहिल्या दिवशीच आम्ही गप्प झालो, पण ताशाला पाय लागत नाहीत, किक आणि हायहॅट (पायानं वाजवायचा मोठा ड्रम आणि झांजांची जोडी) यांचे पाय बसायला त्याला सहा महिने गेले. खुर्चीवर बसल्या बसल्या, जेवताना, बसमध्ये, नुसते पाय चालू असायचे त्याचे.

आणि चार गिटारवाल्यांतल्या एकानं बेस घ्यायचा. मी घेतला. वाईट काहीच झालं नाही, उलट गाणं आतून कसं उभं राहतं ते तिथून कळलं.

प्रॅक्टिस कुठं करता? आमच्याकडं शेजारी लगेच ओरडतात.

शेजाऱ्यांचं चुकत नाही हे आधी मान्य करा. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, आणि ड्रमकिट बंद खोलीत सहज शंभरच्या वर जातं. रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर वाजवायलाच बंदी, २००० सालचा नियम आहे. तेव्हा भांडून उपयोग नाही, जागा बदलायची.

आम्ही पहिले चार महिने गच्चीवरच्या खोलीत काढले, तिथून हाकललं गेलो. मग ड्रमरच्या ओळखीनं वडगावात मागाच्या शेडला लागून असलेली एक खोली मिळाली, आधी तिथं सुताची बाचकी ठेवायचे. भिंतीच्या पलीकडं सहा पॉवरलूम. पहिल्या दिवशी आम्ही घाबरत घाबरत अँप (गिटारचा स्पीकर) दोनवर ठेवला होता, मागवाले मामा दार ढकलून आत आले, आम्हाला वाटलं झालं आता, तर म्हणतात, "काय वाजवालाय ते ऐकूच येईना की रे, वाढवा थोडं." माग चालू असताना आमचा आवाज कुणाला जात नव्हता. लाईट गेली की माग आणि आम्ही एकदमच बंद, आणि त्या शांततेत कानात नुसती शिट्टी.

आता एक गोष्ट सांगतो. महिनाभरात आमच्या लक्षात आलं की आपण कुठलंही गाणं सुरू केलं तरी ते हळूहळू एकाच लयीला येऊन थांबतंय. ड्रमरनं भिंतीला पाठ लावून मोबाईलमधल्या मेट्रोनोमवर (लय मोजायचं अ‍ॅप) बोटानं टॅप केलं, ११६ आलं, म्हणजे मिनिटाला ११६ ठोके. पलीकडच्या कडेच्या मागाची लय. धोटा इकडून तिकडं जायचा तो खटका आमच्या अंगात शिरला होता. मग आम्ही मामांना विचारून त्याच मागाजवळ मोबाईल ठेवून आवाज रेकॉर्ड केला, त्यावर बेसची चार सुरांची ओळ बसवली, आणि आमचं स्वतःचं पहिलं गाणं तिथून आलं. अजून शोची सुरुवात त्यानंच करतो.

म्हणून सांगतोय, स्टुडिओसारखी खोली मिळाल्यावरच सुरू करू असं करू नका. गोडाऊन बघा, बंद पडलेली गिरणी बघा, मळ्यातलं घर बघा. भिंतींना जुन्या वाकळा टांगा, खाली पोती-सतरंजी टाका, घुमणं निम्म्यावर येतं. आवाज बाहेर जायचा थांबत नाही बरं का, तो जड भिंतीनंच थांबतो, वाकळेनं फक्त आतला सुधारतो. यात लोक फार पैसे घालवतात, अंड्याचे ट्रे चिकटवतात, त्यानं काहीही होत नाही. आणि ड्रमरशेजारी बसणाऱ्यानं कानात इयरप्लग घालाच, कान गेले की परत येत नाहीत.

कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, वाजवायची की स्वतःची?

दोन्ही, पण स्वतःचं पहिल्या महिन्यापासून. कव्हर वाजवून हात बसतो, एकमेकांकडं बघायची सवय लागते, आणि कार्यक्रमवाल्यांना ओळखीचं काहीतरी हवं असतंच. पण "आधी दोन वर्षं कव्हर करू, मग आपलं लिहू" म्हणणारे बँड मी बघितलेत, ती दोन वर्षं संपत नाहीत.

मला आर.ई.एम. या बँडची सुरुवात फार जवळची वाटते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं कॉलेजचं छोटं गाव, न्यूयॉर्क नाही की लॉस एंजेलिस नाही. चौघांचा पहिला शो ५ एप्रिल १९८० ला, एका जुन्या, वापरात नसलेल्या चर्चमध्ये, मैत्रिणीच्या वाढदिवसाला. तेव्हा निम्मी गाणी दुसऱ्यांचीच होती. पण १९८१ ला त्यांची स्वतःची पहिली सिंगल एका बारक्या लेबलवर आली, पहिला पूर्ण अल्बम १९८३ ला, आणि मोठ्या कंपनीशी करार १९८८ मध्ये. मधली सगळी वर्षं व्हॅनमधून गावोगाव फिरण्यात गेली. आठ वर्षं! आणि आपण तिसऱ्या रीलला व्ह्यूज आले नाहीत म्हणून खचतो.

कुठल्या भाषेत गाता? मराठीत गायलं तर इथं त्रास होत नाही का?

हा प्रश्न महाराष्ट्रातले लोक जास्त विचारतात.

आमची बहुतेक गाणी मराठीत आहेत आणि ती पुण्याच्या मराठीत नाहीत. सुरुवातीला आमच्या गायिकेनं तशी लिहिली होती, वहीत छान दिसायची, गाताना तोंडात बसायची नाहीत. एकदा प्रॅक्टिसला उशीर झाला म्हणून ड्रमर तिच्यावर चिडून बोलला, "कवापास्नं वाट बघालाय इथं!" तिनं ते तसंच सुरात उचललं, आणि सगळ्यांना एकदम कळलं की हे गाणं आहे. 'बघालाय', 'करालाय' याला जो ठोका आहे तो 'बघत आहे'मध्ये नाही. मधलं अक्षर दाबून म्हणून बघा, आपोआप स्नेअरवर, ड्रमच्या खणखणीत ठोक्यावर, पडतं. आपली बोली रॉकसाठीच केल्यासारखी आहे आणि आपणच तिला लाजतो.

एक गाणं कन्नडमध्ये आहे, ते गिटारवाल्यानं लिहिलंय, त्याच्या घरी कन्नडच बोलतात. ते आम्ही कोल्हापुरातही गातो आणि लोक ऐकतात. कन्नड गायक रघु दीक्षितनं संतकवी शिशुनाळ शरीफांची पदं गिटारवर घेतली, ती पदं कुठली, तर आपल्या हुबळीच्या पलीकडची, इथल्या आज्यांना पाठ असलेली. केरळचा अवियल बँड मल्याळमच गातो. १९९० ला दिल्लीत सुरू झालेला इंडियन ओशन अरामेइक भाषेतली प्रार्थना गातो आणि ती न कळता लोक डोळे मिटून ऐकतात. कुमारजींचं बघा, मूळ नाव शिवपुत्र कोमकली, कन्नड घरातला मुलगा, देवासला जाऊन माळव्यातली गाणी आपली केली. आमच्या भागात ही काही नवी गोष्ट नाही.

त्रासाचं म्हणाल तर, १९५६ पासूनचं सीमावादाचं दुखणं आहे, ते नाही असं मी म्हणणार नाही, घराघरात आहे. आम्ही १ नोव्हेंबरच्या (कुणाचा राज्योत्सव, कुणाचा काळा दिन) आसपास शो घेत नाही, पोस्टर दोन्ही लिप्यांत करतो, आणि स्टेजवरून दोन्ही भाषांत बोलतो कारण समोर दोन्ही भाषांची माणसं उभी असतात. कुणी ओरडलं की कन्नड म्हण, तर ते एक गाणं आहेच, आणि मनापासून म्हणतो. आजपर्यंत शो बंद पडला तो फक्त पावसानं.

पहिला शो कसा मिळतो?

मिळत नाही, करायचा असतो. आमचा पहिला शो गिटारवाल्याच्या गल्लीतल्या गणपतीसमोर, आरतीनंतर वीस मिनिटं, मंडळाच्याच साउंडवर. कार्यकर्त्यांना आम्ही आधी आठवडाभर मांडव घालायला मदत केली होती, त्यामुळं कुणी नाही म्हणालं नाही. बेळगावचा गणेशोत्सव टिळकांच्या काळापासूनचा, करमणुकीचा कार्यक्रम ही त्यातली जुनीच गोष्ट आहे, तिथं मागायला संकोच करू नका.

त्यानंतर कॉलेजांचे फेस्ट. इंजिनिअरिंग, मेडिकल सगळं इथं आहे, बाहेरगावची पोरं हजारोंनी आहेत, त्यांच्या बँड कॉम्पिटिशनला उतरा, हरला तरी नीट साउंडवर वीस मिनिटं वाजवायला मिळतात. जत्रा, शाळेचं गॅदरिंग, कॅफेचं ओपनिंग, काहीही. आणि स्वतः हॉल घेऊन शो लावा. आम्ही १०० रुपये तिकीट ठेवतो आणि शाळेतल्या पोरांना ५०. वॉशिंग्टनचा फुगाझी नावाचा बँड वर्षानुवर्षं पाच डॉलरच्या आसपास तिकीट ठेवायचा आणि वयाची अट नसलेलेच शो करायचा, तिथून हे घेतलंय. दारू असलेल्या जागी वाजवलं की पंधरा-सोळा वर्षांची पोरं बाहेर राहतात, आणि पुढचे बँड त्यांच्यातूनच येणार आहेत.

मग फिरायला लागा. आपल्या गावाचं हे भाग्य लोकांना दिसतच नाही: कोल्हापूर, हुबळी आणि गोवा, तिन्ही शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तीन प्रकारचे श्रोते. सकाळी निघून रात्री वाजवून पहाटे घरी. पुण्याच्या बँडला हे जमत नाही. फक्त पावसाळ्यात चोर्ला घाटात रात्रीचं उतरू नका, धुक्यात पुढचं टेललाईटसुद्धा दिसत नाही, आम्ही एकदा कणकुंबीला गाडी बाजूला लावून उजाडेपर्यंत बसलो होतो.

माइकला तोंड लावलं की शॉक बसतो, काय करायचं?

हे लक्ष देऊन वाचा, यात जीव जाऊ शकतो.

खानापूरकडच्या एका जत्रेत आमची गायिका पहिली ओळ म्हणायला पुढं झाली, तिचा एक हात गिटारच्या तारांवर होता, ओठ माइकला लागले आणि ती झटक्यानं मागं फेकली गेली. ओठावर बारीक पांढरा डाग पडला होता. साउंडवाले अण्णा म्हणाले, "थोडं असतंयच, रुमाल गुंडाळा." आम्ही शो थांबवला आणि टेस्टर घेऊन बसलो. झालं होतं असं की साउंडची लाईन मंदिराच्या बोर्डावरून होती आणि आमचे अँप शेजारच्या घरातून ओढलेल्या वायरवर. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं, एकीकडं तर नव्हतंच. अँपच्या बॉडीवर आलेला करंट तारांत, माइक साउंडच्या अर्थला, आणि मधला रस्ता म्हणजे माणूस.

तेव्हापासून आमचा नियम: स्टेजवरचं सगळं आणि साउंड एकाच पॉइंटवरून. जनरेटर असेल तर त्याचं अर्थिंग जमिनीत रोवलंय का ते स्वतः बघायचं. वाजवण्याआधी तारा आणि माइकच्या जाळीला टेस्टर, जमलं तर मल्टीमीटर लावून दोन्हीमधला व्होल्टेज. आमच्या बॅगेत अर्थ लीकेज ब्रेकर (करंट गळला की लाईन तोडणारा) बसवलेला एक्स्टेंशन बोर्ड असतो, इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, गिटारच्या आधी तो घ्या. हमिंग येतंय म्हणून तीन पिनी प्लगची अर्थ पिन कुणी तोडत असेल तर हात धरा त्याचा. माइकवर फोमची टोपी घाला, पण ती उपाय म्हणून नाही, वरून. आयोजक घाई करतील, पब्लिक शिट्ट्या मारेल, मारू दे.

पैसे किती मिळतात? वाटता कसे?

पहिलं दीड वर्ष शून्य. नंतर प्रवास आणि जेवण, मग हळूहळू मानधन. आकडा सांगत नाही कारण तो जागेवर अवलंबून असतो, पण एक गोष्ट सगळीकडं सारखी: बोलणं मेसेजवर लिहून घ्या, किती वेळ, कुणाचा साउंड, किती पैसे, आणि निम्मे आधी. एका आयोजकानं आम्हाला शोनंतर "उद्या जीपे करतो" म्हटलं होतं, तो उद्या आला नाही.

वाटणीचं आमचं असं आहे की पहिल्या दिवसापासून एक दोनशे पानी वही आहे. आलेला प्रत्येक रुपया तिच्यात, गेलेला प्रत्येक रुपया तिच्यात, तारांचा सेट, डिझेल, चहासुद्धा. पाच भाग करतो, चार आमचे आणि पाचवा बँडचा. तुटलेलं पाचव्यातून दुरुस्त होतं, रेकॉर्डिंग पाचव्यातून झालं. गाणं कुणीही आणू दे, क्रेडिट चौघांचं सारखं. हेही आर.ई.एम.कडूनच, त्यांच्या गाण्यांवर चौघांची नावं सारखीच असायची. "ओळ माझी होती" यावरून मैत्री तुटताना आम्ही बघितलीय, म्हणून हा विषय गाणं होण्याआधीच मिटवून टाका.

मी मुलगी आहे, बँडमध्ये यायचंय पण रात्रीचं घरी सोडत नाहीत.

आमच्या गायिकेनं सांगितलंय तसं लिहितो. तिच्या आईला आम्ही आधी प्रॅक्टिसला बोलावलं. काकू आल्या, खुर्चीवर बसल्या, पूर्ण तास ऐकलं, जाताना म्हणाल्या चहा कोण देतंय का तुम्हाला. पहिले सात-आठ शो घरचं कुणीतरी सोबत होतं, गाडीत एक सीट त्यासाठी धरायचोच. बाहेरगावी शो असेल तर कपडे बदलायला खोली आणि स्वच्छ बाथरूम आहे का हे तिनं नाही, आम्ही विचारायचं, फिक्स करतानाच. गर्दीतून कुणी काही घाणेरडं बोललं तर गाणं थांबतं, दोनदा थांबवलंय. हे सगळं बँडचं काम आहे, तुझ्या एकटीचं नाही. आणि फक्त गायलाच ये असं कुठं लिहिलंय, ड्रमर हवेतच सगळ्यांना.

रेकॉर्डिंग घरी होतं का?

होतं, आमचं पहिलं चार गाण्यांचं रेकॉर्डिंग त्याच मागाच्या खोलीत झालं. दोन इनपुटचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा), दोन माइक, जुना लॅपटॉप आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. ते ६० दिवस फुकट वापरता येतं आणि नंतरचं लायसन्स ६० डॉलरचं आहे, बाकी सॉफ्टवेअरपेक्षा खूप स्वस्त. चोरीचं वापरू नका, आपण उद्या आपलं गाणं विकत घ्या म्हणणार आहोत.

दोन माइकवर ड्रम कसा? एक किकच्या तोंडाशी, दुसरा ड्रमरच्या डोक्यावर, स्नेअरकडं बघणारा, आणि मग माइक हलवण्यापेक्षा ड्रमरलाच सांगायचं की झांजा हळू मार, स्नेअर जोरात. अर्धा मिक्स, म्हणजे आवाजांचा तोल, त्याच्या हातातच होतो. आधी क्लिकवर (मेट्रोनोमच्या टिकटिकीवर) गिटारचा कच्चा ट्रॅक, त्यावर खरा ड्रम, मग बेस सरळ लाईनमधून, मग खरी गिटार अँपला माइक लावून, शेवटी गाणं. गाण्यासाठी आम्ही कपाट उघडं ठेवून दोन वाकळा टांगल्या आणि ती मध्ये उभी राहिली, तिला आत घामाच्या धारा, पण आवाज कोरडा आणि जवळचा आला. रेकॉर्डिंग रात्री ११ नंतर केलं कारण तेव्हा माग बंद, आणि ड्रम मात्र रविवारी दुपारी. लेव्हल लाल होऊ देऊ नका, २४ बिटवर घेतलंत तर हळू आलं तरी चालतं, नंतर वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही.

मिक्स आमचा आम्हीच बिघडवला, दोनदा. मग पाचव्या भागातले पैसे देऊन बाहेरून करून घेतला. हे एक काम जाणकाराला द्या.

गाणं स्पॉटिफायवर कसं टाकायचं? पैसे येतात का?

थेट टाकता येत नाही, मधे डिस्ट्रिब्युटर लागतो. काही वर्षाला फी घेतात, काही कमाईतला हिस्सा कापतात. फी भरायची थांबलात तर गाणं काढलं जाणार का, हे आधी वाचा. तारखेच्या तीन-चार आठवडे आधी अपलोड करा, कारण प्लेलिस्टमध्ये घ्या म्हणून स्पॉटिफायच्या एडिटरकडं गाणं पाठवायचं तर निदान ७ दिवस आधी पाठवावं लागतं. नाव टाकण्याआधी त्या नावाचा दुसरा बँड आहे का बघा, नाहीतर तुमची गाणी ब्राझीलमधल्या कुणाच्या तरी पानावर जाऊन बसतात. आणि नावाचं स्पेलिंग एकच ठरवा, सगळीकडं तेच.

पैसे म्हणाल तर, २०२४ पासून एका गाण्याला १२ महिन्यांत १००० स्ट्रीम झाले नाहीत तर त्याचे काहीच मिळत नाहीत. आमचं एकच गाणं पार झालंय. शोमध्ये टी-शर्ट विकून जे येतं त्याच्याजवळपासही ते जात नाही. पण कुडचीचा एक पोरगा दुबईतून मेसेज करतो की रोज कामावर जाताना ऐकतो, ते तिथं टाकल्यामुळंच.

कुणी गाणं चोरलं तर? रजिस्टर करावं लागतं का?

गाणं लिहून किंवा रेकॉर्ड करून ठेवलं की कॉपीराइट तुमचा झाला, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही. पुरावा ठेवा, तारखेसकट कच्च्या फाइल्स, वहीची पानं. शब्द आणि चाल यांचा हक्क निर्मात्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं, रेकॉर्डिंगचा प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस ही संस्था आहे, १९६९ पासूनची, तिचे मेंबर व्हा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं तुमचा रॉयल्टीचा हिस्सा जपलाय, "सगळे हक्क कायमचे आमचे" असा कागद कुणी पुढं केला तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

एक चूक आपल्याकडं हमखास होते. अभंग रॉकमध्ये करायचा सगळ्यांना मोह असतो, आणि तुकोबांच्या शब्दांवर कुणाचा हक्क नाही हे बरोबर, पण तुम्ही जी चाल ऐकत मोठे झालात ती बहुतेक वेळा गेल्या शतकातल्या कुणा संगीतकाराची असते आणि तिच्यावर हक्क असतो. शब्द घ्या, चाल स्वतःची बांधा. तेच जास्त मजेचं आहे.

पावसाळ्यात गिटारचं काय करता?

जून ते सप्टेंबर केसमध्ये सिलिका जेल, वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्यानं पुसायच्या. तारांना गंज येतोच, एक सेट जादा ठेवा. नेक (गिटारची मान) वाकली तर ट्रस रॉड, म्हणजे तिच्या आतला ताणाचा दांडा, एका वेळी पाव फेरा फिरवा, त्यापेक्षा जास्त नाही.

पुण्याला किंवा बेंगळुरूला शिफ्ट व्हायला पाहिजे का?

नोकरीसाठी जावं लागलं तर जा, आमचा गिटारवालाच दीड वर्ष बेंगळुरूत होता. शुक्रवारी रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं निघायचा, सकाळी इथं उतरायचा, रविवारी रात्री परत. पण फक्त बँडसाठी जाऊ नका, निदान पहिली तीन-चार वर्षं. तिथं भाडं भरायला तुम्ही दिवसभर काम करणार, प्रॅक्टिस रूम तासावर घेणार, आणि एका संध्याकाळी शहरात दहा बँड वाजत असताना अकरावे असणार. इथं खोली आहे, घरचं जेवण आहे, चुकायला वेळ आहे. मोठ्या शहरात वाजवायला जायचं, राहायला नाही. आधी आपल्याकडं चाळीस मिनिटं स्वतःची पक्की गाणी होऊ देत, मग ते बोलावतात.

भांडणं होतात का?

होतात, मोठी होतात. एकदा दोन महिने बंद होतो, कारण आता लिहायला घेतलं तर लहान वाटतंय, पण तेव्हा नव्हतं. मागवाल्या मामांनी फोन करून सांगितलं की खोलीचं भाडं येतंय पण आवाज येत नाही, बरं वाटेना. चौघंही त्या संध्याकाळी गेलो, कुणी काही बोललं नाही, ड्रमरनं ११६ ला काउंट दिला.

तुमची प्रॅक्टिस बघायला आलो तर चालेल का?

चालेल की. रविवारी चारला या, चप्पल दाराबाहेर, सूत ठेवलेल्या बाजूला पाणी-चहा नेऊ नका. ड्रम वाजवून बघायचा असेल तर काठ्या स्वतःच्या आणा, आमच्या दोनच जोड्या आहेत.